आईला फरशीवरचं नाणं दिसतं, माझा चेहरा दिसत नाही

आमच्या सोसायटीतल्या एक काकू मागच्या वर्षी मला गेटपाशी गाठून म्हणाल्या, "तुझी आई हल्ली ओळख दाखवत नाही गं, जिन्यात समोरून गेले तरी बघून न बघितल्यासारखं करते." आणि पुढे जरा हळू आवाजात, "पण परवा खाली पडलेलं रुपयाचं नाणं बरोब्बर उचललं तिने." म्हणजे त्यांचा हिशोब सरळ होता, नाणं दिसतं तर माणूस का दिसत नाही, मुद्दाम करत असणार.

मला राग नाही आला त्यांचा, कारण आम्हालाही घरात हे कळायला दोन वर्षं लागली. आणि गंमत म्हणजे माझ्या मामाचं, आईच्या सख्ख्या भावाचं, नेमकं उलटं आहे. त्याला पेपर वाचता येतो, बारीक टायपातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा, पण जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही आणि डाव्या बाजूने येणारी टू-व्हीलर अंगावर येईपर्यंत कळत नाही. दोघांनाही "कमी दिसतं", पण दोघांचं कमी एकसारखं नाही. हे नीट समजलं तर पुण्यातल्या कितीतरी घरांतली भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

भाकरी कुठे करपली?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. त्या पडद्याच्या मधोमध अख्ख्या मसुराएवढी एक जागा आहे, तिला मॅक्युला म्हणतात. अक्षरं वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं बारीक काम एवढ्याशा जागेवर चालतं. बाकीचा मोठा पडदा कडेचं बघायला, म्हणजे कोण येतंय, कुठे हलतंय, पाय कुठे ठेवायचा. पडद्यावरचं सगळं मेंदूपर्यंत नेणारी एक जाड नस असते आणि तिच्यात दहा-बारा लाख बारीक तंतू असतात, उसाच्या मोळीसारखे बांधलेले.

आता डोळ्यासमोरचं सगळं दृश्य म्हणजे एक भाकरी समजा. आईची भाकरी मधोमध करपलीय, वयामुळे मॅक्युला झिजलाय. म्हणून ती ज्याच्याकडे सरळ बघेल तेच नेमकं पुसलं जातं, पण कडा शाबूत आहेत, त्यामुळे ती घरभर बिनधास्त फिरते आणि डोळ्याच्या कोपऱ्यात नाणं चमकलं तर तिला ते सापडतं. मामाची भाकरी कडेने करपत आत आलीय. त्याला काचबिंदू आहे, त्यात नसेचे तंतू एकेक करून मरतात आणि मधलं बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी जातं. मधला तुकडा चांगला असल्यामुळे तो वाचतो, आणि कडा गेल्यामुळे धडपडतो.

पण डोळे तपासले होते ना, ६/६ आलं होतं!

हो, मामाचं ६/९ होतं, म्हणजे जवळपास उत्तमच. इथेच सगळे फसतात. हा आकडा हर्मन स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली बनवलेल्या अक्षरांच्या तक्त्यावरून येतो. वरचा ६ म्हणजे तुम्ही तक्त्यापासून ६ मीटरवर बसलात (खोली लहान असेल तर आरसा लावून तेवढं अंतर करतात). खालचा आकडा म्हणजे तेच अक्षर चांगली नजर असलेल्या माणसाला किती मीटरवरून वाचता येतं ते. ६/६० म्हणजे दुसऱ्याला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं.

हा तक्ता फक्त भाकरीचा मधला घास तपासतो. कडा आहेत की गेल्या हे त्याला कळतच नाही. मामा तीन वर्षांत तीन वेळा चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलून आला आणि दर वेळी "आता बरं वाटतंय" म्हणाला. नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पूर्ण तपासणीत डोळ्याचं प्रेशर मोजतात, बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून पडदा आणि नस बघतात, शंका आली तर फील्ड टेस्ट करतात. त्यात एका मोठ्या वाटीसारख्या मशीनला हनुवटी लावून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मामा बाहेर येऊन म्हणाला, "मशीन बिघडलंय बहुतेक, बराच वेळ काही चमकलंच नाही." चमकत होतं. कागदावर छापून आलं तेव्हा दोन्ही डोळ्यांचा खालचा अर्धा भाग जवळपास काळा होता, डाव्याची बाहेरची कडाही.

एवढं गेलं तर त्याला कळलं कसं नाही?

हा प्रश्न मी डॉक्टरांना जवळजवळ ओरडूनच विचारला होता. मामाने लपवलं असं मला वाटत होतं. त्याने काही लपवलेलं नव्हतं.

हा प्रयोग आत्ता करून बघा. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे साधारण आठ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू पुढेमागे करा. साधारण तीस सेंटीमीटरच्या आसपास ठिपका गायब होईल. जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे पडद्यावर बघणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात अशी एक आंधळी जागा असते, अगदी उत्तम डोळ्यातसुद्धा.

आता खरं लक्ष द्या. ठिपका गेला तिथे तुम्हाला काळं भोक दिसलं का? नाही, तिथे पांढरा कागद दिसला. मेंदूने आजूबाजूचं पांढरं बघून ती जागा स्वतःच भरून टाकली. काचबिंदूत हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. जिना चालू राहतो, पायरी नसते. रस्ता रिकामा दिसतो, गाडी नसते. त्यातून एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा भरून काढतो. म्हणून त्या माणसाला काही हरवलंय असं जाणवतच नाही, आणि दुखत तर अजिबात नाही. आपल्या देशात काचबिंदू असलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर असावी असा अंदाज आहे आणि गावोगाव जाऊन केलेल्या तपासण्यांमध्ये सापडलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं, ते याच कारणाने.

मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हीत बिंदू म्हणून घोळ

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, बाथरूमच्या काचेवर वाफ धरते तसं. ते काढून नवीन लेन्स बसवतात आणि दिसायला लागतं. काचबिंदूत नस मरते, आणि मेलेली नस परत उगवत नाही. पण नावं सारखी असल्यामुळे घराघरांतून "बिंदू आहे, पिकला की काढू" असं म्हणत माणसं थांबतात, आणि तो मोतीबिंदू नसला तर थांबलेला प्रत्येक महिना कायमचा जातो. (मोतीबिंदूसुद्धा पिकेपर्यंत थांबायची गरज आता नसते, ती जुन्या ऑपरेशनच्या काळातली गोष्ट आहे.)

काचबिंदूत प्रेशरचा काय संबंध? डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबलेली असली की मोरी भरते, तसं प्रेशर वाढतं आणि नस चेपली जाते. साधारण १० ते २१ हे प्रेशर ठीक धरतात, मामाचं २८ होतं. पण काही जणांची नस नॉर्मल प्रेशरमध्येही खराब होते, म्हणून नुसतं प्रेशर मोजून सुट्टी द्यायची नाही, नस बघायलाच लागते.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. मामाचे डोळे चुरचुरायचे, त्यासाठी तो वर्षानुवर्षं मेडिकलमधून एक ड्रॉप आणून घालायचा, चिठ्ठीशिवाय, कुणीतरी कधीतरी दिला होता म्हणून. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचे ड्रॉप घातले की लाली पटकन जाते, छान वाटतं, पण महिनोन्महिने घातले तर प्रेशर वाढू शकतं आणि मोतीबिंदूही लवकर येतो. त्याचा काचबिंदू त्यामुळेच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण भर पडली असणार असं म्हणाले. तुमच्या फ्रिजच्या दारात अशी एखादी जुनी बाटली असेल तर आज ती डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

"ड्रॉप घालून काही फरकच पडत नाही"

हे वाक्य मामाने पहिल्याच महिन्यात म्हटलं आणि आठ दिवस ड्रॉप बंद केले. पेशंटच्या जागी जाऊन बघितलं तर त्याचं बरोबर आहे, औषध घेतलं की बरं वाटलं पाहिजे अशीच आपली सवय आहे. पण काचबिंदूचे ड्रॉप नजर वाढवायला नसतात, उरलीय ती टिकवायला असतात. बीपीची गोळी घेऊन कुणाला काही वाटत नाही, तरी घेतोच ना, तसंच हे. फरक पडत नाही हाच त्याचा गुण.

ड्रॉप घालायची पण पद्धत आहे. एकच थेंब घालायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण काचबिंदूच्या काही ड्रॉप्सनी दमा वाढतो.

आईचं काय झालं होतं

आईने काही वर्षांपूर्वी तक्रार सुरू केली की ओट्यामागच्या टाइल्स वाकड्या बसवल्यात. आम्ही तेव्हा नुकतंच स्वयंपाकघराचं काम करून घेतलेलं. तिने गवंड्याला परत बोलावलं, त्या बिचाऱ्याने ओळंबा सोडून, पट्टी लावून दाखवलं की रेष सरळ आहे. आई म्हणे, "मला दिसतंय ना वाकडं." आम्ही सगळे तिला समजावत बसलो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की वाकडी टाइल नाही, वाकडं दिसतंय.

सरळ रेष मध्येच वाकलेली दिसणं ही मॅक्युला बिघडल्याची मोठी खूण आहे. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, पडदा उचलला जातो आणि त्यावरचं चित्र वाकतं. या ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात, ऐकायला भयंकर वाटतं पण सुन्न करून देतात आणि वेळेत दिली तर बऱ्याच जणांची नजर वाचते. वेळेत म्हणजे आठवड्यांत, आणि आम्ही सात महिने टाइल्सवर वाद घातला. तिच्या उजव्या डोळ्याचा मध्यभाग गेला तो गेलाच. डाव्यात कोरडा प्रकार आहे, तो हळू वाढतो.

तुम्ही घरी हे तपासू शकता. मार्क अँसलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी यासाठी चौकटींचा कागद बनवला होता, पण खिडकीचं ग्रिल किंवा बाथरूमच्या टाइल्सही चालतात. जवळचा चष्मा घालून एकेक डोळा झाकून बघायचं, रेषा वाकतायत का, मध्ये डाग आहे का. एकेक डोळा झाकून हे महत्त्वाचं, दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा सगळं झाकून टाकतो.

आणि काही गोष्टींना तर आठवडाही थांबायचं नाही. अचानक काळे ठिपके आणि विजेसारखी चमक दिसली, बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागला आणि उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी असं काही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पित्त झालं म्हणून झोपू नका. डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासणं, दिसत चांगलं असलं तरी. तिथेही नुकसान आधी होतं आणि कळतं नंतर.

"गाजर खा, बदाम खा"

खा की, वाईट काहीच नाही. पण अ जीवनसत्त्व कमी पडत असेल तरच गाजराने नजरेला फरक पडतो, म्हातारपणच्या पडद्याला किंवा नसेला नाही. मॅक्युलाच्या मधल्या टप्प्यात ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंकच्या गोळ्यांनी आजाराचा वेग कमी होतो हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय, आणि त्याच अभ्यासांमुळे गाजरातलं बीटा-कॅरोटीन त्या गोळ्यांतून काढलंसुद्धा, कारण सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्याने फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो. म्हणून गोळ्या डॉक्टर सांगतील त्याच. सिगारेट सोडणं मात्र कुठल्याही बदामापेक्षा मोठं औषध आहे.

लो व्हिजन: "दिसतं" आणि "दिसत नाही" याच्या मधली मोठी जागा

औषध, ऑपरेशन, चष्मा, सगळं करूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या खाली राहते, किंवा समोरचं वर्तुळ फार आकसतं, त्याला लो व्हिजन म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची वेगळी व्याख्या आहे. चांगला डोळा ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान, किंवा दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. त्याखाली गेलं की अंधत्व. म्हणजे कायद्यालासुद्धा माहितीये की मध्ये एक जागा आहे, आपल्या बोलण्यात मात्र ती नाही. आपण म्हणतो "दिसतंय ना त्यांना", नाहीतर "आंधळे आहेत".

आमच्याही आयुष्यातले आठ-नऊ महिने असेच वाया गेले. "आता आणखी काही करता येणार नाही" हे वाक्य आम्ही ऐकलं आणि घरी येऊन बसलो. त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच होता की *उपचार* संपले. उरलेली नजर वापरायला शिकवणारा वेगळा विभाग मोठ्या नेत्ररुग्णालयांत असतो, लो व्हिजन क्लिनिक असं विचारायचं. आपल्या पुण्यात हडपसरच्या पुढे महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं देसाई नेत्र रुग्णालय आहे, तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा.

आईला आम्ही नेलं त्या क्लिनिकमधल्या मुलीने तिच्यासमोर बसून सांगितलं, "काकू, माझा चेहरा म्हणजे घड्याळ समजा. आता बाराकडे बघा, माझं नाक कसं दिसतंय? आता दोनकडे. आता चारकडे." आई एकेक आकडा फिरत गेली आणि दहावर थांबली. म्हणाली, "अगं, तुझ्या नाकात चमकी आहे!" सरळ बघितलं की करपलेला भाग नेमका चेहऱ्यावर येतो, नजर थोडी वर डावीकडे नेली की तो भाग सरकतो आणि पडद्याच्या चांगल्या कडेवर चेहरा पडतो. ही सवय लागायला काही आठवडे लागतात. आता आई माझ्याशी बोलताना माझ्या कपाळाच्या कडेला बघते. बाहेरच्यांना वाटतं लक्ष नाही, मला माहितीये की ती तेव्हाच माझ्याकडे बघत असते.

"पण जास्त वाचलं तर उरलेली नजरही जाईल ना?"

नाही. डोळे म्हणजे गॅसचं सिलिंडर नाही, वापरलं म्हणून संपत नाहीत. थकतील, पाणी येईल, डोकं दुखेल, थोडं थांबायचं आणि परत सुरू करायचं. भिंगाची सवय लागून डोळे आणखी बिघडतात हेही खोटं. आजार वाढतो तो आजारामुळे, वाचनामुळे नाही. या एका गैरसमजापायी किती आजी-आजोबांचं वाचन, विणकाम, पत्ते घरच्यांनीच प्रेमाने बंद केलेत, ते बघून फार वाईट वाटतं.

भिंग मात्र दुकानातून दिसेल ते मोठं आणायचं नाही. जेवढी पॉवर जास्त तेवढं भिंग लहान आणि तेवढं ते अक्षरांजवळ धरावं लागतं, त्यामुळे मोजून घ्यावं लागतं. आईकडे कागदावर टेकवून सरकवायचं, आतमध्ये दिवा असलेलं भिंग आहे, हात थरथरले तरी चालतं.

उजेड आणि रंग, म्हणजे जवळपास फुकटातली औषधं

साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आम्ही छताला जास्त वॉटचा दिवा लावला, आईचे डोळे दिपले, उपयोग शून्य. मग साधा वाकवता येणारा टेबल लॅम्प आणला आणि तिच्या खांद्यामागून थेट पानावर आणला. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. त्या दिवशी तिने पंचांगातली चतुर्थी स्वतः शोधली आणि दिवसभर येईल त्याला सांगत होती.

रंगाचं तर आम्हाला सुचलंच नसतं. पांढऱ्या ताटात पांढरा भात, वर दही, म्हणजे तिच्यासाठी रिकामं ताट. ती कमी जेवते म्हणून आम्ही काळजी करत होतो आणि भात ताटातच राहत होता. आता तिचं ताट गडद निळं आहे. दूध गडद कपात, चहा पांढऱ्या कपात. स्टीलच्या पेल्यात पाणी किती भरलं ते दिसत नाही म्हणून काठावर बोट ठेवून ओतायचं. मामाच्या वाड्यातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटची दोन बोटं रुंद पट्टी मारली, डबा आणि ब्रश धरून फार खर्च नाही, आणि तेव्हापासून तो तिथे पडलेला नाही. त्याला घेर लहान असल्यामुळे चालताना मान मुद्दाम डावी-उजवी-खाली फिरवायला शिकवलंय. मेट्रो स्टेशनवर त्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा असतात ना, त्या याच लोकांसाठी आहेत, कृपा करून त्यावर बॅगा ठेवून उभं राहू नका.

नोटांचं पण सांगते. नव्या ५०० च्या नोटेला दोन्ही कडांना पाच तिरप्या उठावदार रेषा आहेत, १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन गोल. अंगठ्याने चाचपून आई रिक्षाचे पैसे देते. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं मोफत अॅपही आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं. आणि तुमच्या फोनमध्ये मॅग्निफायर आणि स्क्रीन वाचून दाखवणारी सोय आधीपासून असते, सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी शोधा. मोठ्यांना एकदा दाखवून सोडू नका, चार रविवार बसून शिकवा.

नसलेली माणसं दिसतात तेव्हा

ही गोष्ट आईने आम्हाला चार महिने सांगितली नव्हती. एका संध्याकाळी दिवेलागणीला ती गॅलरीकडे बघत माझा हात धरून म्हणाली, "तिथे फेटे बांधलेली बुटकी माणसं उभी आहेत. काही बोलत नाहीत. मला माहितीये ती नाहीयेत. पण दिसतायत. मला वेड लागतंय का गं?"

नात्यातल्या एकींनी बाधा म्हणून नारळ उतरवायला सांगितला, दुसऱ्यांनी डिमेन्शिया म्हटलं. खरं काय ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. बोने हे स्विस अभ्यासक, त्यांच्या आजोबांची नजर गेली होती आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, ते त्यांनी १७६० साली लिहून ठेवलं. पडद्याकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदूचा बघणारा भाग रिकामा बसत नाही, साठवणीतली चित्रं स्वतःच काढत बसतो. वर ठिपक्याच्या जागी त्याने पांढरा कागद भरला होता ना, त्याच भरण्याचं हे मोठं रूप. नक्षी, जाळ्या, माणसं, फुलं काहीही दिसतं, पण आवाज नसतो, आणि समजावल्यावर माणसाला पटतं की हे खरं नाही. आवाज ऐकू येत असतील, किंवा ती माणसं खरीच आहेत असं ठाम वाटत असेल, किंवा अचानक बोलण्यात घोळ व्हायला लागला तर ते वेगळं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आईला उपाय सांगितला तो एवढाच, दिवा लाव, डोळे मिचकाव, नजर भराभर डावीकडून उजवीकडे फिरव. बहुतेक वेळा माणसं निघून जातात. पण तिला खरा आराम पडला तो याला नाव आहे हे कळल्यावर. घरात कुणाची नजर गेली असेल तर त्यांना तुम्ही आपणहून विचारा, "असं काही दिसतं का हो? बऱ्याच जणांना दिसतं." ते स्वतः नाही सांगणार, घाबरलेले असतात.

"डोळाच बदलता येत नाही का?"

नेत्रदानात मिळतं ते पारपटल, म्हणजे बुबुळावरची पुढची पारदर्शक काच. तीच फक्त बदलतात आणि तिच्या आजारात त्याने खरंच नजर येते, म्हणून नेत्रदान जरूर करा. पण पडदा आणि नस बदलता येत नाहीत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा एका माणसाला अख्खा डोळा बसवला, डोळा जगला, पण दिसलं नाही, कारण दहा-बारा लाख तंतू मेंदूशी परत जोडता येत नाहीत. त्यामुळे काचबिंदूत गेलेली नजर परत आणून देतो असं म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल, स्टेम सेल म्हणा नाहीतर आणखी काही, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

सर्टिफिकेट घ्यायचं का, शिक्का बसेल ना?

मामा याला अजून तयार होत नव्हता. "मी पेपर वाचतो, मी कसला अपंग" असं त्याचं म्हणणं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं तर सरकारी योजना, नोकरीतलं आरक्षण वगैरे मिळतं, आणि मुलांना परीक्षेत लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा उत्तम असेल तर ३० टक्केच धरतात, म्हणजे त्यात बसत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. अर्ज ऑनलाइन करून ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी तपासणी होते. मामाला शेवटी फील्ड टेस्टचा तो काळा कागदच पटवून गेला, तो म्हणाला हे मशीन मला ओळखत नाही, त्याला माझ्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही. अर्ज भरलाय.

राहिला मामेभाऊ. काचबिंदू असलेल्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो व्हायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते, म्हणून आईची तपासणी लगेच झाली, तिची नस चांगली आहे. मामेभाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि गेली दीड वर्षं "मला स्वच्छ दिसतं गं" म्हणतोय. त्याच्याकडून परवा तो फुली-ठिपक्याचा प्रयोग करून घेतला, ठिपका गेला तेव्हा त्याने कागद दोनदा उलटा करून बघितला आणि मग गप्प बसला. शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतलीये. बाहुली मोठी करतील, त्याला दोन-तीन तास धूसर दिसेल, म्हणून गाडी मी चालवणार आहे.